कानाची फाटलेली पाळी शिवताना

अगं, कानाचं भोक लांबलंय तर चिकटपट्टी लावून झुमके घालणं आधी थांबव. माझी पाळी अशीच मालवणात, गणपतीच्या आरतीत ओढणी अडकून खालपर्यंत चिरली; दोन शेपट्या लोंबायच्या. त्या आपोआप जुळत नाहीत, कारण चिरेच्या आतल्या कडेवर कातडी धरते. सर्जन जागा बधिर करून ती कड कापतो, मगच टाके घालतो. दुकानात औषधाने पाळी चिकटवून देतात, तिथे फिरकूसुद्धा नकोस. पूर्वीची एखादी जखम फुगून गाठ झाली असेल तर डॉक्टरांना आधीच सांग. टाके साधारण 7 ते 10 दिवसांनी निघतात. जखम भरेपर्यंत समुद्रात डुंबणं नाही. पुन्हा टोचायचं तर निदान 3 महिन्यांनी, व्रणाच्या बाजूला. जड कुड्यांना वेल लाव हो.