ऑफिसात व्यायामाचं अ‍ॅप सुरू करताय?
पहिल्याच दिवशी सगळ्यांना दहा हजार पावलांचं लक्ष्य देऊ नका. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमधल्या पावलं मोजायच्या यंत्रामुळे रूढ झाला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते, तोही तुकड्या-तुकड्यांत चालतो. ज्याची जेवढी सवय, त्याहून थोडं जास्त, एवढंच ठेवा. कोण पुढे, कोण मागे ही यादी तर अजिबात लावू नका. मागे पडलेला माणूस अ‍ॅप उघडणंच सोडतो, आणि खरी गरज बहुधा त्यालाच असते.

अ‍ॅपमध्ये रोजच्या मनःस्थितीच्या नोंदीही असतील, तर त्या वरिष्ठांना दिसणार नाहीत, हे व्यवस्थापनाकडून आधी लेखी घ्या. नाहीतर कुणी खरं लिहिणार नाही. सतत खचलेल्या, झोप उडालेल्या सहकाऱ्याला अ‍ॅपवर सोडू नका, समुपदेशकाशी गाठ घालून द्या. आणि चालायला वेळ कामाच्या तासांतच मिळवून द्या.