वाचक विचारतात: क्योतोच्या काइसेकी जेवणाला जाण्याआधी

जपानच्या सहलीतली एक संध्याकाळ काइसेकी जेवणासाठी राखून ठेवलेल्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बरेचसे प्रश्न पानावर बसल्यानंतर काय करायचं याबद्दल आहेत. पण या जेवणातले महत्त्वाचे निर्णय बुकिंगच्या दिवशीच होऊन जातात, त्यामुळे उत्तरं अधूनमधून तिकडेच वळलेली दिसतील.

काइसेकी म्हणजे नक्की काय? सुशीच्या काउंटरवर ‘ओमाकासे’ म्हणतात तेच का? मेनूकार्ड नसेल तर काय येणार हे कसं कळायचं?
— एक वाचक, पुणे

तेच नाही. ओमाकासे म्हणजे ‘तुमच्यावर सोपवलं’. ती मागवण्याची पद्धत झाली. काइसेकी ही ठरलेल्या क्रमाने वाढली जाणारी पंगत आहे. या शब्दाचा उच्चार एक असला तरी तो लिहितात दोन प्रकारे. एका लिखाणाचा अर्थ ‘छातीशी धरलेला दगड’. भूक विसरायला झेन भिक्षू अंगरख्यात ऊन दगड ठेवत, अशी त्याची व्युत्पत्ती सांगतात. हे चहा-समारंभाआधीचं साधं जेवण, चहागुरू सेन नो रिक्यू (१५२२-१५९१) यांच्या परंपरेतलं: एक सूप, तीन पदार्थ, भात. दुसऱ्या लिखाणाचा अर्थ ‘मंडळींची बैठक’, म्हणजे साके या तांदळाच्या मद्याच्या सोबतीने चालणारी मेजवानी. चहाच्या काइसेकीत चमचा-दोन चमचे भात अगदी सुरुवातीला येतो, मेजवानीत तो सगळ्यात शेवटी. पर्यटक ज्या र्योतेइमध्ये (पारंपरिक जपानी भोजनगृहांत) जातात तिथे ही दुसरी पद्धत चालते. आपल्याकडच्यासारखी वरणभाताने सुरुवात होईल या आशेवर राहू नका.

क्रम घराघराप्रमाणे थोडा बदलतो. आधी साकिझुके, म्हणजे दोन घासांची सुरुवात. मग हास्सुन. हास्सुन म्हणजे आठ सुन. सुन हे लांबीचं जुनं जपानी माप, एक सुन सुमारे ३ सेंटीमीटरचा, म्हणून साधारण २४ सेंटीमीटर चौरस ताटली, आणि तिच्यावर त्या ऋतूतले डोंगरातले नि समुद्रातले छोटे पदार्थ. त्यानंतर मुकोझुके, बहुधा कच्च्या माशाचे काप. ‘पलीकडे ठेवलेलं’ हा त्याचा शब्दशः अर्थ. चहाच्या जेवणात भात डावीकडे, सूप उजवीकडे आणि हा पदार्थ त्यांच्या पलीकडे ठेवतात. चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे हे ज्यांच्या घरात अजून पाळलं जातं, त्यांना ही शिस्त परकी वाटणार नाही. पुढे झाकणाच्या वाडग्यातलं वानमोनो, भाजलेलं याकिमोनो, वेगवेगळं शिजवून एकत्र मांडलेल्या भाज्यांचं ताकिआवासे, कधी तळलेलं किंवा व्हिनेगरमधलं काही. शेवटी भात, लोणची आणि मिसो सूप एकत्र, आणि मग फळ. एकूण आठ ते चौदा पदार्थ, दोन ते अडीच तास.

यातलं परीक्षेचं भांडं वानमोनो. त्यातल्या निवळ सुपावरून जाणकार सगळ्या स्वयंपाकघराची किंमत करतात, म्हणून ते आलं की गप्पा थांबवा आणि गरम असतानाच प्या.

मेनूकार्ड नसलं तरी काही ठिकाणी ‘ओशिनागाकी’ नावाचा हाताने लिहिलेला कागद मिळतो. तो नसला तरी महिन्यावरून पुष्कळ अंदाज बांधता येतो. एप्रिलमध्ये कोवळे बांबूचे कोंब, जूनपासून मीठ लावून भाजलेला आयू हा नदीतला मासा, जुलैमध्ये क्योतोत हामो हा मासा, शरद ऋतूत मात्सुताके अळंबी. हामोमध्ये बारीक काटे इतके की ते काढणं शक्यच नसतं. म्हणून खालची कातडी न कापता एका सुनाच्या लांबीत चोवीस-पंचवीस चिरा देतात आणि काटे तोंडाला लागेनासे होतात. एकाच जिनसाचेही तीन काळ मानतात: नुकता आलेला तो हाशिरी, ऐन भरातला तो शुन, सरत आलेला तो नागोरी. पाडव्याच्या पेटीतला हापूस आणि पावसाच्या तोंडावरचा शेवटचा आंबा यातला फरक जिभेला माहीत असलेल्यांना हे वेगळं समजवायला नको.

आम्ही दोघं शुद्ध शाकाहारी, अंडंही खात नाही. ‘व्हेजिटेरियन’ सांगितलं की काम होतं का?
— वाचक दांपत्य, ठाणे

होत नाही, आणि याचं कारण एका शब्दात सांगायचं तर दाशी.

दाशी म्हणजे या स्वयंपाकाचं मूळ पाणी. एक लिटर मऊ पाण्यात २० ते ३० ग्रॅम कोम्बू हे वाळवलेलं समुद्री शेवाळ घालून ६० अंशांवर तासभर ठेवतात. क्योतोत होक्काइदोकडचं रिशिरी कोम्बू जास्त चालतं. कोम्बू उकळलं तर पाणी बुळबुळीत होतं आणि उग्र वास येतो, म्हणून ते आधी काढून घेतात. मग पाणी ८० ते ८५ अंशांपर्यंत तापवून त्यात ३०-४० ग्रॅम कात्सुओबुशी घालतात. हे धुरावून वाळवलेल्या कात्सुओ माशाचे कागदासारखे पातळ काप. ते बुडेपर्यंतच थांबायचं आणि फडक्यातून न पिळता गाळायचं. पिळलं की कडवटपणा आणि गढूळपणा उतरतो.

आता हे पाणी कुठे कुठे जातं ते पाहा. सुपात तर आहेच. पण वाटाणा, मुळा, भोपळा शिजवायला तेच, तेम्पुराच्या चटणीत तेच, पालकाच्या ओहिताशीत (उकडून मुरवलेल्या भाजीत) तेच, भात शिजवायलाही कधी कधी तेच. लोणच्यावर कात्सुओबुशी भुरभुरलेली असू शकते, गोड पदार्थात जिलेटिन असू शकतं. ताटात माशाचा तुकडा दिसत नाही एवढ्यावर तिथला वेटर प्रामाणिकपणे ‘हे शाकाहारी आहे’ म्हणेल. त्यात फसवण्याचा हेतू नसतो, त्याच्या लेखी दाशी म्हणजे आपल्या फोडणीतल्या हिंगासारखी, न मोजण्याची गोष्ट.

म्हणून बुकिंग करतानाच हे शब्द पोहोचवा: ‘निकु, साकाना, तामागो वा ताबेमासेन. कात्सुओ नो दाशी मो ताबेरारेमासेन. कोम्बु तो शिइताके नो दाशी वा दाइजोबु देसु.’ म्हणजे मांस, मासे, अंडी खात नाही, कात्सुओची दाशीही चालत नाही, कोम्बू आणि शिइताकेची दाशी चालते. शेवटचं वाक्य गाळू नका. नकारांची यादी देऊन थांबलं की स्वयंपाकघर हात वर करतं, चालणारी वाट दाखवली तर विचार करतं. मजकूर जपानी लिपीत छापूनही जवळ ठेवा. मिरिन आणि साके स्वयंपाकात सर्रास पडतात. मद्याचा अंशही नको असेल तर तेही आत्ताच सांगा.

शाकाहारी दाशी दुय्यम असते असं समजू नका. कोम्बूमधला ग्लुटामेट किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये ओळखला आणि त्या चवीला ‘उमामी’ नाव दिलं. कात्सुओबुशीतल्या इनोसिनेटने ती चव कित्येक पटींनी वाढते. वाळलेल्या शिइताके अळंबीतलं ग्वानिलेट हेच काम करतं. मात्र अळंबी गरम पाण्यात घाईने नाही, तर फ्रिजमधल्या गार पाण्यात रात्रभर भिजवायची. परत आल्यावर घरी करून पाहणाऱ्यांसाठी एक सूचना: बोअरचं जड पाणी वापरू नका, त्यात कोम्बूची चव नीट उतरत नाही.

तरीही नामांकित र्योतेइमागे लागण्यापेक्षा शोजिन र्योरी निवडा, असंच आम्ही सुचवू. हा झेन मठांचा शाकाहारी स्वयंपाक. क्योतोत तेन्र्युजी मंदिराच्या आवारातलं शिगेत्सु (दुपारचंच जेवण, बागेचं प्रवेशशुल्क वेगळं) आणि दाइतोकुजीच्या आवारातलं इझुसेन ही दोन ठिकाणं. कोयासान डोंगरावर मंदिरात मुक्काम केला तर दोन्ही वेळचं जेवण असंच मिळतं. तिथलं गोमादोफु चुकवू नका. नावात तोफू असलं तरी त्यात सोयाबीन नसतं, तीळ आणि कुझू या वेलीच्या मुळाचं सत्त्व घोटून ते केलेलं असतं. परंपरेप्रमाणे शोजिनमध्ये कांदा-लसूणही वर्ज्य. जैन वाचकांनी मात्र सावध राहावं: मुळा, गाजर, कमळकाकडी, सुरणाच्या जातीचे कंद या स्वयंपाकात भरपूर असतात.

बुकिंग किती आधी करावं? आणि ऐन वेळी बेत बदलला तर?
— एक वाचक, नागपूर

एक ते तीन महिने आधी. साकुराचा, म्हणजे चेरीचा बहर (मार्चअखेर ते एप्रिलची सुरुवात) आणि नोव्हेंबरमधली लाल पानं या दिवसांत त्याहूनही आधी. बरीच जुनी घरं परदेशी पाहुण्यांचं बुकिंग हॉटेलमार्फतच घेतात, त्यामुळे ज्या हॉटेलात उतरणार तिथल्या मदतकक्षाला ईमेल करणं हा सर्वांत सोपा मार्ग. एकट्या माणसाला काही ठिकाणी जागा मिळत नाही. लहान मुलं चालतात का, हे आधी विचारा. अनेक घरी वयाची अट असते.

त्या दिवशी रद्द केलं तर बहुतेक ठिकाणी पूर्ण रक्कम भरावी लागते. पाच जणांचं बुकिंग करून चौघं गेलात तरी पाचव्याचे पैसे जातात. यात रागावण्यासारखं काही नाही: मासा माणशी मोजून सकाळीच आणलेला असतो. उशीरही याच कारणाने महागात पडतो. मातीच्या भांड्यातला भात तुमच्या वेळेवर चढवतात. दहा मिनिटं उशीर होणार असेल तरी फोन करा.

खर्चाचा अंदाज: चांगल्या ठिकाणी दुपारचं जेवण माणशी साधारण ६,००० ते १५,००० येन, रात्रीचं २०,००० ते ५०,०००. त्यावर १० टक्के कर, आणि सेवाशुल्क १० ते १५ टक्के. पेयं वेगळी. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी दुपारचंच घ्यावं. स्वयंपाकघर तेच, हात तेच, दोन-चार पदार्थ कमी. १९१२ पासून चालत आलेलं किकुनोइ असो की नान्झेनजीजवळचं शतकानुशतकांचं ह्योतेइ, दोन्हीकडे दुपारी पानावर बसता येतं. काही जुन्या घरी कार्ड चालत नाही, रोख जवळ असू द्या.

सुपाच्या वाडग्याचं झाकण उघडेना, ओढताना सूप सांडलं. काय चुकलं? चॉपस्टिक्सचे नियमही सांगा.
— एक वाचक, नाशिक

आतली वाफ निवली की झाकण आत ओढलं जाऊन घट्ट बसतं. ओढू नका. वाडगा लाखेचा असेल तर डाव्या हाताने त्याची कड दोन्ही बाजूंनी हलकेच दाबा. लाकूड किंचित लवतं, हवा आत शिरते आणि झाकण सुटतं. उजव्या हाताने ते तिरकं करून आतलं पाणी वाडग्यातच निथळू द्या, मग उजवीकडे ठेवा. संपल्यावर झाकण जसं होतं तसंच सुलटं घाला. उलटं घातलं की लाखेवर ओरखडे उठतात. याच कारणासाठी अंगठ्या, बांगड्या, जाड घड्याळ काढून ठेवावं आणि रिकामी भांडी एकात एक रचू नयेत. मदत म्हणून केलेली ही रचना यजमानांच्या काळजाचा ठोका चुकवते.

वाडगा उचलताना आधी वाडगा, मग काड्या. वाडगा उचलून तोंडाशी नेणं तिथे रीतसर आहे. हाताची ओंजळ घासाखाली धरणं मात्र नाही, त्याऐवजी छोटी बशी उचला. काड्या भातात उभ्या रोवू नका आणि काड्यांतून काड्यांत घास देऊ नका. पहिली रीत मृतासमोरच्या भाताची, दुसरी अस्थी उचलण्याची. कच्च्या माशात फिक्या, हलक्या चवीच्या कापापासून सुरुवात करून तेलकट कापाकडे जा. वासाबी सोया सॉसमध्ये कालवण्यापेक्षा कापावर ठेवा. भातावर सोया सॉस ओतू नका.

सगळं अळणी आणि अर्धपोटी असतं असं ऐकलंय. सोबत ठेचा नेला तर?
— एक वाचक, कोल्हापूर

नेऊ नका, निदान बॅगेतून बाहेर काढू नका. निवळ सुपात मीठ सुमारे ०.८ टक्के असतं, चव त्याहून जास्त दाशीची असते. तांबड्या रश्श्याच्या पट्टीने मोजाल तर ते पाणचटच वाटेल. त्या दिवशी दुपारी झणझणीत खाऊ नका आणि अत्तर मुळीच लावू नका, युझू या लिंबाच्या जातीच्या फळाच्या सालीचा वास झाकणाखालीच असतो. तिखटाच्या जागी तिथे सान्शो असतं. हे आपल्या तिरफळाचं सख्खं भावंड, एकाच वनस्पतिकुळातलं. तिरफळ घातलेलं बांगड्याचं कालवण खाल्लेल्यांना जिभेवरची ती झिणझिण लगेच ओळखू येईल.

पोटाचं म्हणाल, तर भात शेवटी येतो आणि बहुतेक ठिकाणी तो पुन्हा मागता येतो. ‘ओकावारी’ एवढाच शब्द पुरतो. उरलेला मसालेभातासारखा भात काही ठिकाणी मुटके वळून बांधूनही देतात.

आईचे गुडघे दुखतात. जमिनीवर बसावंच लागतं का?
— एक वाचक, डोंबिवली

नाही. बुकिंगमध्ये ‘इसु-सेकी’, म्हणजे खुर्चीची बैठक मागा. ‘होरिगोतात्सु’मध्ये टेबलाखाली पाय सोडायला खड्डा असतो, पण त्यातून उठताना गुडघ्यांवर भार येतो. ज्येष्ठांसाठी खुर्चीच बरी. पादत्राणं दारात काढावी लागतात आणि तातामीवर (गवती चटईवर) अनवाणी जात नाहीत, म्हणून मोजे हवेत. भोकं नसलेले. तोकोनोमा या सजावटीच्या कोनाड्यात बॅग टेकवू नका.

टीप किती द्यायची? फोटो चालतात?
— एक वाचक, पणजी

टीप द्यायची नाही. ठेवलीत तर विसरलेले पैसे समजून मागून धावत येतील. फोटो आधी विचारून, पदार्थाचाच, झटपट. फोन लाखेच्या ताटलीवर ठेवू नका. जेवण संपल्यावर ‘गोचिसोसामा देशिता’ म्हणा. निरोपाला यजमानीण किंवा शेफ दारापर्यंत येतात आणि तुम्ही दिसेनासे होईपर्यंत उभे राहतात. वळणावर एकदा मागे वळून मान लववा आणि गल्लीत फोटो काढत रेंगाळू नका, कारण तोवर त्यांना आत जाता येत नाही.