एकतर्फीचा हुकूम झाला, आता काय?

मानेवाड्याच्या एका ताईंनी लिहिले आहे : नवऱ्याने नागपूरच्या कुटुंब न्यायालयात घटस्फोटाची याचिका केली. त्यांनी कैफियत, म्हणजे याचिकेला लेखी उत्तर दिले, अंतरिम (प्रकरण चालू असतानाच्या) पोटगीचा अर्जही लावला. आठ महिने नुसत्या तारखा पडताहेत. गेल्या तारखेला मुलगी तापाने फणफणली, त्यांना जाता आले नाही आणि त्याच दिवशी 'एकतर्फी'चा हुकूम झाला.

ताई, केस हातची गेली हे आधी मनातून काढा. अजून निकाल लागलेला नाही. तुमच्या गैरहजेरीत प्रकरण पुढे चालवायचे, एवढेच ठरले आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 9, नियम 7 खाली पुढच्या तारखेला किंवा तिच्याआधीच हा हुकूम रद्द करण्याचा अर्ज द्या. डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधांची बिले जोडा. एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे अंतिम निकालच होऊन गेला, की मग तो रद्द करून घ्यायला नियम 13 उरतो. तिथे मुदत 30 दिवसांची, आणि खटाटोप कितीतरी जास्त. तेवढी वेळ येऊ देऊ नका. पुन्हा कधी जाणे जमले नाही, तर प्रकरणाचा पुकारा होण्याआधी वकिलांकरवी मुदतीचा अर्ज जायलाच हवा. तसे झाले नाही तर रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या नोंदीत, फक्त 'गैरहजर' लिहिले जाते, मुलीचा ताप तिथे कुणाला दिसत नाही.

दुसरे, तारीख कशासाठी आहे हे दर वेळी विचारा. समुपदेशन, मुद्दे, पुरावा, उलटतपास, युक्तिवाद, यांतले काय? ई-कोर्ट्स ॲपवर तुमच्या प्रकरणाचा 16 अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकला की पुढची तारीख आणि टप्पा दोन्ही दिसतात.

पोटगीचे मला जास्त खुपते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 प्रमाणे हा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत निकाली निघावा. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात दोन्ही पक्षांना मालमत्ता आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायला सांगितले. म्हणजे हे आठ महिने वाया गेलेले नाहीत. तुमचे प्रतिज्ञापत्र दाखल आहे का, ते आजच बघा. घोडे बरेचदा तिथेच अडते. असेल, तर हा अर्ज आधी ऐकावा अशी लेखी विनंती करा. तरीही हलले नाही, तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे ठरावीक मुदतीत निकालाचे निर्देश मागता येतात.

वकिलांची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही. आणि एकतर्फी रद्द करण्याचा अर्ज दिला की त्याची पोच मात्र हातात घेऊनच निघा.