पुस्तक मिटून वही उघड

प्रिय,

गणिताच्या इतिहासावरची इतकी पुस्तकं तू झपाट्याने वाचलीस, हे तुझ्या पत्रात वाचून बरं वाटलं. पण पत्रभर माणसांच्याच गोष्टी आहेत. फ्रेंच गणितज्ञ गाल्वा विसाव्या वर्षी द्वंद्वयुद्धात मेला हे तू तपशिलाने लिहिलंस, त्याने शोधलं काय याची एक ओळ नाही. दोष सगळा तुझा नाही. हे लेखक गोष्ट रंगवतात आणि गणित आलं की अर्ध्या वाक्यात उरकतात. तिथेच थांबायचं आणि वही उघडायची.

मूळ संख्या अनंत आहेत, ही युक्लिडची सिद्धता घे. कुठलीही मर्यादित यादी घेऊन तिच्यातल्या सगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार करायचा आणि १ मिळवायचा. येणाऱ्या संख्येला यादीतल्या कशानेही भागलं तरी बाकी १ उरते. भरभर वाचलं तर वाटतं, म्हणजे ही संख्या मूळच असणार. करून बघ. २ + १ = ३, २ × ३ + १ = ७, पुढे ३१, २११, २३११. सगळ्या मूळ! आता १३ पर्यंत जा. ३००३१ येतात, आणि ते म्हणजे ५९ × ५०९. युक्लिड फसला का? नाही. ती संख्या मूळच असेल असं तो म्हणतच नाही. एक तर ती मूळ असेल, नाही तर तिला भागणारी एखादी मूळ संख्या यादीबाहेरची असेल. ५९ आणि ५०९ दोन्ही बाहेरच्याच. हे हाताने केलं की सिद्धता विसरायची म्हटलं तरी विसरता येत नाही.

गोष्टीही जरा चाळून घे. गाल्वाने सगळा सिद्धान्त शेवटच्या एका रात्रीत लिहिला, असं तुझ्याही पत्रात आलंय. त्याचा मुख्य निबंध आदल्या वर्षीच, १८३१ मध्ये, पॅरिसच्या अकादमीने नाकारला होता. त्या रात्री त्याने मित्राला लांब पत्र लिहिलं आणि जुन्या कागदांवर दुरुस्त्या केल्या. खरी हकीकत मला तरी जास्त चटका लावते. ते काम छापून यायला १८४६ उजाडलं.

फर्माच्या शेवटच्या प्रमेयावरचं पुस्तक मात्र गोष्ट म्हणूनच वाच. ते प्रमेय अखेर सिद्ध करणाऱ्या वाइल्सची सिद्धता वहीत उतरवायच्या फंदात पडू नकोस. ती भल्याभल्या गणितज्ञांच्याही आवाक्याबाहेर आहे.

√२ अपरिमेय असल्याचं, म्हणजे दोन पूर्ण संख्यांचा अपूर्णांक म्हणून लिहिता येत नसल्याचं, गुपित फोडणाऱ्याला समुद्रात बुडवल्याची कथा तुला फार आवडलेली दिसते. ती सांगणारे लेखक कित्येक शतकांनंतरचे, तेव्हा ती बाजूला ठेव. √२ ची सिद्धता पुस्तक मिटून लिहून काढ. मग तीच युक्ती √३ ला लाव, चालेल. त्यानंतर √४ ला लाव. तिथे ती चालता कामा नये, कारण √४ म्हणजे सरळ २. नेमकी कुठल्या ओळीत अडते, ते पुढच्या पत्रात कळव.

तुझा,
जुना शिक्षक