लॅक्टेट आणि प्रोकॅल्सिटोनिनच्या आकड्यांवरून आयसीयूतील रुग्ण वाचेल की नाही हे कळते का?

आपल्या वडिलांना जंतुसंसर्गामुळे आयसीयूत दाखल केले, पहिल्या दिवशी रक्तातील लॅक्टेट (पेशी ऊर्जा तयार करताना बनणारा पदार्थ) ५.८ आणि प्रोकॅल्सिटोनिन (जिवाणूंच्या संसर्गात वाढणारे प्रथिन) ३२ आले आणि हे आकडे इंटरनेटवर शोधल्यावर घरातील सर्वांचा धीर सुटला, असे आपण लिहिले आहे. मी अतिदक्षता विभागात काम करणारा डॉक्टर आहे. आपल्या वडिलांना मी तपासलेले नसल्यामुळे त्यांच्याविषयी भाकीत करणार नाही. आम्ही हे आकडे कसे वाचतो एवढेच सांगतो.

लॅक्टेट साधारणपणे लिटरमागे २ मिलिमोलच्या आत असते. पेशींना पुरेसा प्राणवायू मिळाला नाही की ते वाढते हे खरे, परंतु आजाराच्या ताणात शरीरात स्रवणाऱ्या ॲड्रेनॅलिनमुळेही ते जास्त तयार होते, आणि त्याचा निचरा मुख्यतः यकृत करत असल्यामुळे यकृत मंदावले की ते रक्तात साचते. मधुमेहासाठीचे मेटफॉर्मिन, दम्याचे साल्ब्युटामॉल किंवा नुकतीच येऊन गेलेली फीट यांमुळेही आकडा चढतो. २०१६ च्या व्याख्येनुसार, पुरेसे सलाईन देऊनही रक्तदाब टिकवण्यासाठी औषध लागत असेल आणि लॅक्टेट २ च्या वर असेल, तर त्या अवस्थेला सेप्टिक शॉक म्हणतात आणि अशा रुग्णांपैकी ४० टक्क्यांहून अधिक रुग्ण रुग्णालयात दगावतात. हा हिशेब हजारो रुग्णांच्या समूहाचा आहे. त्यात आपले वडील कोणत्या बाजूला असतील, हे तो सांगू शकत नाही.

म्हणूनच आम्ही दर दोन-चार तासांनी लॅक्टेट पुन्हा तपासतो. ५.८ वरून सहा तासांत ३ वर आलेला रुग्ण आणि ३ वरून ५.८ वर गेलेला रुग्ण यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. तरीही लॅक्टेटच्या मागे धावणे हाच सर्वोत्तम मार्ग आहे, असेही नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, दक्षिण अमेरिकेतील पाच देशांत ४२४ रुग्णांवर केलेल्या अँड्रोमेडा-शॉक या चाचणीत एका गटाचे उपचार लॅक्टेटवरून ठरवले, तर दुसऱ्या गटाचे उपचार बोटाचे टोक दाबून सोडल्यावर लाली किती सेकंदांत परत येते, यावरून ठरवले. अठ्ठावीस दिवसांत पहिल्या गटातील ४३.४ टक्के आणि दुसऱ्यातील ३४.९ टक्के रुग्ण दगावले. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक थोडक्यात निसटला, पण बिनखर्चाची ती तपासणी महागड्या यंत्राच्या तोडीस तोड उतरली, याचे मला आजही कौतुक वाटते.

प्रोकॅल्सिटोनिनचे गणित वेगळे आहे. जिवाणूंचा संसर्ग आटोक्यात आला की ते साधारण दर चोवीस तासांनी निम्मे होते. अमेरिकेत झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चौथ्या दिवसापर्यंत ते ८० टक्क्यांहून अधिक उतरले नाही अशा रुग्णांचा मृत्युदर २० टक्के होता, उतरलेल्यांचा १० टक्के. मोठी शस्त्रक्रिया, भाजणे किंवा किडनी निकामी होणे यांमुळेही ते चढे राहते. खरे तर अँटिबायोटिक केव्हा थांबवावे हे ठरवायला मी त्याचा उपयोग अधिक करतो.

डॉक्टर भेटतील तेव्हा आजचा आकडा विचारण्याऐवजी तो कालपेक्षा किती उतरला, रक्तदाबाचे औषध किती कमी करता आले आणि तासाला लघवी किती होते, हे विचारावे. औषधाचा डोस उतरत असेल आणि लघवी सुटू लागली असेल, तर प्रोकॅल्सिटोनिन अजून दोन आकडी असले, तरी मी नातेवाइकांना त्या रात्री घरी जाऊन झोपायला सांगतो.