सुट्या उत्तरांना जोड कशी मिळेल?

प्रश्न : मी सोलापूर शहरातील एका माध्यमिक शाळेत आठवीला भूगोल शिकवते. वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी तेलुगू बोलली जाते आणि बहुतेकांचे पालक यंत्रमागावर किंवा विडीच्या कामावर आहेत. पाठ केलेली उत्तरे मुले बिनचूक सांगतात, पण ‘असे का?’ असे विचारले की वर्ग गप्प होतो. आकलनाच्या पायऱ्या मुलांना दिसतील अशा रीतीने शिकवावे, असे एका प्रशिक्षणात सांगण्यात आले. घटक चाचणीचा संविधान तक्ता, म्हणजे कोणत्या प्रकारच्या प्रश्नांना किती गुण याचा आराखडा, तर आम्ही करतोच. मग यात वेगळे काय आहे?
— एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : संविधान तक्ता आपल्या फाइलमध्ये असतो आणि मुलाला तो कधीच दिसत नाही, हा पहिला फरक. दुसरा फरक अधिक महत्त्वाचा आहे. त्या तक्त्यातील ज्ञान, आकलन, उपयोजन ही मांडणी मुळात शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणातून आली असून प्रश्न कोणत्या प्रकारचा विचार मागतो, एवढेच ती सांगते. शिक्षण-अभ्यासक जॉन बिग्ज आणि केविन कॉलिस यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या ‘सोलो’ नावाच्या आकलनाच्या पायऱ्या मात्र मुलाने प्रत्यक्ष दिलेल्या उत्तराची घडण पाहतात. उपयोजनाचा म्हणून घातलेला प्रश्न एखाद्याने पाठांतरावर सोडवला, तर तक्त्याला त्याचा पत्ता लागत नाही.

‘सोलापूर जिल्ह्यात पाऊस कमी का पडतो?’ हाच प्रश्न घेऊ. ‘इथे ऊन फार असते म्हणून’ असे कोणी लिहिले, तर मूळ मुद्द्याला अजून हात लागलेला नाही. ‘जिल्हा पर्जन्यछायेत येतो’ या उत्तरात एक मुद्दा सापडला आहे. ‘नैर्ऋत्य मोसमी वारे, सह्याद्री, बाष्प, पर्जन्यछाया’ असे चारही मुद्दे लिहिणाऱ्याला आपण सहसा पूर्ण गुण देतो, आणि माझ्या मते घोटाळा इथेच होतो, कारण ही अजून यादीच आहे. समुद्रावरून आलेली हवा सह्याद्री चढताना थंड होते, त्यामुळे बाष्पाचे पाणी होऊन घाटमाथ्यावर पाऊस पडतो, आणि तीच हवा पूर्वेकडे उतरताना तापते म्हणून आपल्याकडे ढग पोहोचूनही बरसत नाहीत, असे लिहिले की मुद्दे एकमेकांत गुंततात. मागावर नुसता ताणा, म्हणजे उभे धागे, लागला म्हणजे चादर झाली नाही, हे आपल्या वर्गातील मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.

शेवटच्या पायरीवर मूल हाच नियम दुसरीकडे लावून पाहते. भीमा नदीवरील उजनी धरण आपल्या जिल्ह्यात असले, तरी ते भरते प्रामुख्याने पुणे जिल्ह्यातील घाटमाथ्याच्या पावसावर; मग इथे आकाश कोरडे असताना भीमेला पूर का येतो? किंवा चेन्नईला जून-जुलैपेक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जास्त पाऊस का होतो? या प्रश्नांचे उत्तर चुकले तरी चालेल. मुलाने वाऱ्याची दिशा आणि डोंगराची बाजू तपासली का, एवढे पाहावे.

पायऱ्यांची बोजड नावे मुलांना सांगण्याची गरज नाही. फळ्याच्या कोपऱ्यात एक उभी रेघ, मग तीन सुट्या उभ्या रेघा, नंतर त्याच रेघा आडव्या रेघेने जोडलेल्या आणि शेवटी त्या जोडणीतून बाहेर निघणारा बाण, अशी चार चित्रे काढावीत. वर्गातीलच तीन-चार उत्तरे नावे झाकून वाचावीत आणि कोणते कोणत्या चित्रात बसते, हे मुलांनाच ठरवू द्यावे. त्यावरून वाद होतात. ते होऊ द्यावेत.

आपल्या वर्गाच्या बाबतीत मला खरी अडचण भाषेची वाटते. मुद्दे जोडण्याचे काम ‘त्यामुळे’, ‘म्हणून’, ‘जर… तर’, ‘असे असूनही’ या शब्दांवर चालते, आणि घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलाकडे ‘बाष्प’ हा पाठ्यपुस्तकातील शब्द असतो, पण हे सांधे असतीलच असे नाही. विचार जोडलेला असूनही उत्तर यादीसारखे उतरते आणि आपण त्याला आकलन नाही असे धरून चालतो. म्हणून आधी शेजाऱ्याला तेलुगूत समजावून सांगू द्यावे, मग जोडशब्द फळ्यावर लिहून त्यांपैकी किमान दोन वापरून मराठीत उत्तर लिहून घ्यावे. गप्प बसणारी काही मुले एवढ्यानेच बोलू लागतील.

एक पथ्य मात्र कडकपणे पाळावे. पायरी उत्तराची असते, मुलाची नव्हे. ‘हा दुसऱ्या पायरीचा मुलगा’ असे शिक्षक-खोलीत एकदा बोलले गेले, की तो शिक्का वर्षभर पुसत नाही. वास्तविक तोच मुलगा पावसाच्या प्रश्नात यादीवर थांबतो आणि मागावरचा धागा का तुटला, हे मात्र कारणांसह सांगतो.

प्रश्न : माझ्या मुलीच्या वहीत बाई हल्ली गुण देत नाहीत, रेघांचे चित्र काढतात आणि एक ओळ लिहितात. शेजारच्या मुलाला दहापैकी आठ मिळाले, आपलीला किती, हे कळायचे कसे?
— एक पालक, सोलापूर

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, परंतु बाईंची रीत मला योग्य वाटते. संशोधक रूथ बटलर यांनी इस्रायलमधील पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांना केवळ शेरा मिळाला, त्यांचे पुढचे काम सुधारले. ज्यांना शेऱ्यासोबत गुणही मिळाले, त्यांच्यात तशी सुधारणा दिसली नाही. सत्राच्या परीक्षेत गुण मिळणारच आहेत. रोजच्या वहीत ‘तीन मुद्दे आहेत, पहिल्यामुळे दुसरे कसे घडले ते लिही’ ही ओळ आठ या आकड्यापेक्षा अधिक काही सांगते. संध्याकाळी ती ओळ मुलीला मोठ्याने वाचायला सांगा आणि तेवढेच एक वाक्य नव्याने लिहून घ्या. ओळच नसेल आणि नुसते चित्र असेल, तर बाईंना जरूर विचारा, कारण नुसत्या चित्राने पुढे काय करायचे, हे मुलीला कळणार नाही.