मंजिष्ठाराग कोणत्या थाटातला?

प्रश्न असा आहे: ठशांच्या छपाईवरच्या एका लेखात 'मंजिष्ठाराग' हा शब्द वाचला. हा कोणत्या थाटातला राग? कापडाच्या लेखात तो कसा आला? आणि आपल्याला येतो तो राग याच कुळातला का?

थाट, म्हणजे गाण्यातल्या रागांचं कूळ, इथे शोधायला नको. हा राग गात नाहीत, उकळतात. मंजिष्ठा ही वेल. तिची मुळं नि देठ वाळवून कुटले की लाल रंग मिळतो. काष्ठौषधीच्या दुकानात 'मंजिष्ठ' मागितलं की ज्या लालसर काड्या पुडीत बांधून देतात, त्या हिच्याच. आणि 'राग' म्हणजे इथे सरळ सरळ रंग, कापड रंगवायचं द्रव्य.

संस्कृतात रञ्ज् असा धातू आहे. रंगणे, रंगवणे हा त्याचा अर्थ. त्यापासून रंग, राग, रंजन, रक्त, रजक. पाणिनीच्या अष्टाध्यायीत चौथ्या अध्यायाचा दुसरा पाद उघडतो तोच मुळी रंगाऱ्याच्या दारात: 'तेन रक्तं रागात्'. अमुक रागाने रंगवलेलं असं सांगायचं असेल, तर त्या रागाच्या नावाला प्रत्यय लावा. कषायाने रंगवलं ते काषाय (भगवं), मंजिष्ठेने रंगवलं ते मांजिष्ठ, कुसुंभाने रंगवलं ते कौसुंभ. लगेच पुढच्या सूत्रात लाख आणि गोरोचन यांच्यासाठी वेगळा प्रत्यय दिला आहे. व्याकरणकाराला खास सूत्रं करावी लागली, यावरून लोकांच्या बोलण्यात रंगीत कापडाचा विषय किती असेल ते बघा.

या सूत्रातल्या 'रक्त'कडेही लक्ष द्या. तिथे त्याचा अर्थ नुसता 'रंगवलेलं' असा आहे. निळीत बुडवलेलं कापडसुद्धा या अर्थाने रक्तच! लाल हा अर्थ आणि अंगातलं रक्त हा अर्थ त्याच शब्दाला चिकटले, बहुधा रंगवणं म्हटलं की पहिला डोळ्यांपुढे येई तो लाल म्हणून.

आता मंजिष्ठाराग. विश्वनाथाच्या साहित्यदर्पणात, म्हणजे चौदाव्या शतकात, प्रेमाचे तीन प्रकार सांगितले आहेत: नीलीराग, कुसुंभराग आणि मंजिष्ठाराग. फार शोभत नाही पण मनातून जातही नाही, तो नीलीराग. शोभतो पण जातो, तो कुसुंभराग. शोभतो आणि जातही नाही, तो मंजिष्ठाराग. अलंकारशास्त्राचं पुस्तक म्हणून वाचलं तर ही नुसती गोड उपमा वाटते. रंगाऱ्याला विचारलं तर तो म्हणेल, यात उपमा कसली, हे तर आमच्या कामाचं वर्णन.

कुसुंभ म्हणजे आपली करडई. (रानात कुसुंब नावाचं झाडही असतं, ते निराळं.) तिच्या पाकळ्यांत पिवळा आणि लाल असे दोन रंग असतात. पिवळा नुसत्या पाण्याने धुतला जातो. लाल काढायला खाराचं पाणी लागतं, आणि तो कापडावर बसवायला आंबट घालावं लागतं. दिसतो अप्रतिम. पण जो रंग खाराने सुटतो तो खाराच्या धुण्यात टिकायचा कसा? त्यात उन्हानेही उडतो. म्हणून कुसुंभी प्रेम चार दिवसांचं.

नीळ पाण्यात विरघळत नाही. रांजणात आंबवली की तिचं रूप बदलून ती विरघळते, आणि तेव्हा पाणी निळं नसतं, पिवळट हिरवं असतं. त्यात बुडवलेलं कापड बाहेर काढून हवेत धरलं की डोळ्यांदेखत निळं होतं. धाग्यात शिरलेली नीळ पुन्हा न विरघळणारी होऊन तिथेच अडकते. मग पाण्याने ती सुटणार कशी? शोभेत विश्वनाथाने तिला कमी गुण दिले, ते मला पटत नाही. पण तो लाल रंगाच्या पक्षातला दिसतो.

मंजिष्ठेची गोष्ट सगळ्यांत मजेची, आणि ठशाचा संबंध येतो तो इथेच. नुसत्या मंजिष्ठेचा रंग सुती कापडावर धड धरत नाही. मध्ये तुरटी लागते. कच्छमधलं धमडका आणि अजरखपूर, राजस्थानातलं बगरू, मध्य प्रदेशातलं बाग इथल्या पारंपरिक छपाईत लाल भागासाठी लाकडी ठशाने जे उमटवतात तो लाल रंग नसतोच. हिरड्याच्या पाण्यातून काढलेल्या कापडावर डिंकात कालवलेल्या तुरटीचा ठसा मारतात. काळ्यासाठी लोखंडाचा भंगार आणि गूळ आंबवून केलेलं पाणी. लोखंडाचं पाणी हिरड्याला भेटलं की लगेच काळं पडतं. तुरटीचा ठसा मात्र जेमतेम दिसतो. कापड वाळवून, धुऊन मंजिष्ठेच्या काढ्यात उकळलं की तुरटी होती तेवढीच जागा पक्की लाल होते, बाकीची जवळपास कोरी राहते. आता मंजिष्ठेच्या जागी बहुधा अलिझरीन हे कारखान्यात केलेलं लाल रंगद्रव्य वापरतात, पण रीत तीच.

ज्या लेखात हा शब्द आला, त्याच्या लेखकाने तो प्रेमाच्या अर्थाने वापरला असेल किंवा लाल रंगाच्या, दोन्ही बरोबर.

आता तिसरा प्रश्न. होय, आपला राग याच घरचा. मनाला रंग चढणं म्हणून अनुराग, तो उतरणं म्हणून विराग. (विरागी माणसाचं वस्त्र मात्र रंगवलेलं, काषाय! ही विसंगती बैराग्यांनीच सोडवावी.) जनांच्या चित्ताचं रंजन करतो म्हणून गाण्यातला राग. मराठीने यातून संताप उचलला, तो बहुधा लालीवरून, चेहरा आणि डोळे लाल होतात त्यावरून. हिंदीत कुणी 'मुझे राग आया' म्हणत नाही. म्हणाला तर लोक समेची वाट पाहत बसतील.

या मराठी वळणाचा एक तोटा आहे. गीतेतल्या 'रागद्वेष'चा अर्थ आपल्याकडे पुष्कळ जण राग आणि द्वेष असा लावतात. तिथे राग म्हणजे ओढ, आसक्ती. दुसऱ्या अध्यायातलं 'वीतरागभयक्रोधः' पाहा: राग म्हणजे संतापच असता, तर त्याच समासात क्रोध पुन्हा कशाला आला असता?